फॉरमॅट मारायच्या आधी: जुना लॅपटॉप कधी सुरू होतो, कधी होत नाही तेव्हा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. लॅपटॉप २०१४ सालचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. सुरू व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात, सी ड्राइव्ह लाल झालाय, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते. आणि हल्ली सकाळी काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ (म्हणजे विंडोज जिच्यावरून सुरू व्हायची ती डिस्कच सापडली नाही) असं येतं, दोन-तीनदा रीस्टार्ट केलं की चालू होतो. बॅटरी गेलेली आहे, थेट चार्जरवर चालवता. पत्रिका, प्रश्नपत्रिका असं डीटीपीचं सगळं काम आणि घरचे फोटो त्यातच आहेत. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू, भाचा म्हणतो एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) टाकू, आणखी कोणी म्हणतं मदरबोर्ड गेला.

या तीन तक्रारी आहेत, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. सी ड्राइव्ह भरणं हा त्रास आहे. मशीन हळू चालणं हाही त्रासच. पण डिस्क कधी सापडणं आणि कधी न सापडणं हा धोका आहे, कारण एका सकाळी ती सापडणारच नाही. म्हणून आत्ता तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. आधी डेटा बाहेर काढा, मग बिघाड शोधा, मग दुरुस्ती. हा क्रम उलटला की नुकसान होतं, कारण फॉरमॅट, चेकडिस्क (डिस्क तपासणारं विंडोजचं साधन), क्लोनिंग (डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणं) यातली प्रत्येक गोष्ट त्या आजारी डिस्कला तासन्‌तास पळवते. ती दमून बसणार असेल, तर निदान तुमची कामं कॉपी करताना बसू दे.

दूर बसून मला सांगता येणार नाही ते हे, की तुमची डिस्क खरोखर मरते आहे की नुसती केबल, कनेक्टर किंवा बायोसचा (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) सेल दगा देतोय. लक्षणं तिन्हींची सारखी दिसू शकतात. पण पहिली पायरी तिन्हींत एकच आहे, त्यामुळे आज थांबायचं कारण नाही.

लॅपटॉप आत्ता चालू असेल तर बंद करू नका. डिस्क थांबून पुन्हा फिरायला लागते तो क्षण तिच्यासाठी सगळ्यात कठीण असतो. एक बाहेरची हार्ड डिस्क जोडा. नुसत्या पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, तो तात्पुरता ठीक. आणि अख्खा डी ड्राइव्ह निवडून एकदम कॉपीला लावू नका. मध्येच एखादी फाइल अडकली की सगळं अडतं, आणि काय आलं, काय राहिलं हे कळत नाही. एकेक फोल्डर घ्या. जे परत कुठूनही मिळणार नाही ते आधी: चालू कामाच्या फाइली, हिशेब, मग फोटो, मग व्हिडिओ. सिनेमे आणि सॉफ्टवेअरचे सेटअप राहिले तरी चालतील. एखादा फोल्डर फारच अडकला तर तो सोडून पुढे जा, त्याच्याकडे शेवटी परत या.

डीटीपीवाल्यांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ही बहुतेकांच्या लक्षात नवी विंडोज टाकल्यावरच येते. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख असल्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी हे आतून इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्येच साठवलेलं असतं. तो फॉन्ट आहे तोपर्यंत मराठी दिसतं. फॉन्ट गेला की तीच फाइल उघडल्यावर चिन्हांचा आणि इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि माणूस समजतो फाइल खराब झाली. म्हणून विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करा. दहा वर्षांत कुठून कुठून आणलेले फॉन्ट पुन्हा जमवणं फार जिकिरीचं असतं. पेजमेकरच्या फाइली असतील तर त्यात लावलेली चित्रं बहुधा नुसती जोडलेली असतात, आत भरलेली नसतात. तेव्हा फाइलीसोबत तिचा आख्खा फोल्डर घ्या. कोरलच्या फाइली तुलनेने सोप्या, पण फॉन्टचा प्रश्न त्यांनाही आहेच. टॅली असेल तर डेटाचा फोल्डर नेमका कुठे आहे ते टॅलीतच बघून घ्या, आणि मशीन चालू असतानाच लायसन्स सरेंडर करून ठेवा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका. हे दोन्ही सी ड्राइव्हवर असतात आणि लोकांची निम्मी कामं तिथेच पडलेली असतात.

कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन पाच-दहा फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. नावं दिसली म्हणजे फाइल आली असं नसतं.

समजा तोपर्यंत विंडोज सुरू होणंच थांबलं, तरी डेटा गेला असं समजू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट तयार करा आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, तो पेन ड्राइव्हवरूनच चालतो. डिस्क दिसली तर फोल्डर उघडून कॉपी करता येतात. विंडोज नीट बंद झालेली नसेल तर तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. याच मिंटमध्ये डीडीरेस्क्यू नावाचं साधन टाकून घेता येतं. ते डिस्कचा सहज वाचला जाणारा भाग आधी उचलतं, अवघड जागा नोंदवून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे परत जातं. बऱ्याच जागी अडकणाऱ्या डिस्कसाठी यापेक्षा समजूतदार पद्धत माझ्या माहितीत नाही. त्यासाठी मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून जास्त मोकळी जागा लागते.

यातला अपवाद आवाजाचा. डिस्कमधून लयीत खट्-खट् येत असेल, किंवा ती फिरायला लागून लगेच थांबत असेल, तर तिथेच बंद करा. तेव्हा आतल्या हेडचा, म्हणजे चकतीवरचा डेटा वाचणाऱ्या टोकाचा, प्रश्न असतो आणि प्रत्येक नवीन प्रयत्न चकतीवर ओरखडे पाडू शकतो. डेटा लाखमोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या, आधी तपासणी आणि अंदाज मागा, मग ठरवा. साध्या टेबलावर डिस्क उघडू देऊ नका. धुळीचा कण हेड आणि चकती यांच्यातल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

आता निदान. डेटा सुरक्षित झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत जपानी प्रोग्रॅम चालवा. डिस्क स्वतःबद्दल जी नोंद ठेवते, जिला स्मार्ट म्हणतात, ती हा दाखवतो. वर निळ्यात ‘गुड’ किंवा पिवळ्यात ‘कॉशन’ दिसेल, पण तेवढ्यावर थांबू नका. तीन ओळी बघा. ‘रिअलोकेटेड सेक्टर्स काउंट’ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदललेल्या जागा. ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ म्हणजे ज्या जागा वाचता येईनात आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. तिसरी ‘अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट’, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यात डेटा जाताना झालेल्या चुका. आकडे मूळात हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, सेटिंगमधून दहाच्या पद्धतीत करून घ्या, नाहीतर उगाच घाबराल किंवा उगाच निश्चिंत राहाल.

पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर तुमच्या ‘१०० टक्के’चं मोठं कारण सापडलं. अशा जागेवर डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, कित्येक सेकंद. तेवढा वेळ विंडोज तिच्या उत्तराची वाट बघत बसते आणि तुम्हाला मशीन हँग झालेलं दिसतं. ती जागा विंडोजच्या सुरुवातीच्या फाइलींत आली की सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. रिअलोकेटेडचा छोटा आकडा वर्षानुवर्षं तसाच असेल तर मी फार काळजी करत नाही. आठवड्यात वाढत असेल तर ती डिस्क कामाची राहिली नाही. आणि हे दोन्ही शून्य, पण सीआरसीचा आकडा वाढतोय, असं असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे आणि दोष जोडणीत आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क थेट बोर्डात न बसता पातळ पट्टीच्या केबलने जोडलेली असते. ती पट्टी दुमडते, सैल होते. ती बदलणं स्वस्त काम आहे.

दुसरी तपासणी बायोसची. पुढच्या वेळी ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं की आधी पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, डोंगल सगळं काढा. कधी कधी मशीन त्यातच विंडोज शोधत बसलेलं असतं. तरीही तेच आलं तर बायोसमध्ये जा. त्यासाठी मशीन चालू होताना कंपनीनुसार एफ २, एफ १० किंवा डिलीट दाबा. तिथे डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा फाटा हाच. नावच नसेल तर डिस्क, केबल किंवा बोर्डावरचा पोर्ट यांपैकी काहीतरी आहे, आणि विंडोज कितीही वेळा टाकली तरी उपयोग नाही. नाव दिसतंय पण विंडोज उठत नाही, तर बूट फाइली, बूट मोड किंवा विंडोज स्वतः. हे फॉरमॅट न मारताही बऱ्याचदा सुटतं.

तिथेच तारीखही बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर बायोसचा सेल संपलाय. तो बहुतेक सीआर-२०३२ असतो, ३ व्होल्टचा, काही मॉडेलमध्ये वायर लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. सेल संपला आणि मुख्य बॅटरीही मेलेली, म्हणजे रात्री चार्जर काढला की बायोस आपली सेटिंग विसरतो. मग लेगसीचं यूईएफआय होतं (मशीन सुरू करायच्या या दोन पद्धती) किंवा डिस्कशी बोलायचा एएचसीआय मोड बदलतो, आणि धडधाकट डिस्क असूनही मशीन म्हणतं बूट करायला काही नाही. पण तुमच्याकडे नुसतं रीस्टार्ट केल्यावर सुटतं, बायोसमध्ये काही न बदलता. त्यामुळे फक्त सेलवर माझा संशय कमी आहे. थंड मशीनमध्ये डिस्क पुरेशा वेगाने फिरायला वेळ लावते, तोवर बायोसची वाट बघायची मुदत संपते. रीस्टार्टमध्ये ती आधीच फिरत असते म्हणून सापडते. हे चित्र तुमच्या वर्णनाशी जास्त जुळतं.

मेलेल्या बॅटरीचा मुद्दा लोक किरकोळ समजतात, मी समजत नाही. लाईट गेली की तुमचा लॅपटॉप त्याच क्षणी मरतो. डिस्कचं हेड नीट जागेवर जाण्याऐवजी आणीबाणीत खेचलं जातं, आणि असं किती वेळा सोसायचं याची डिस्कची मर्यादा नेहमीच्या बंद-चालूपेक्षा खूपच कमी असते. अर्धवट लिहिलेल्या फाइली वेगळ्याच. विंडोजची फाइल पद्धत आपला सांगाडा सावरून घेते, पण तुम्ही सेव्ह करत असलेल्या पत्रिकेची हमी ती देत नाही. ज्या भागात दिवसातून दोनदा लाईट जाते तिथल्या लॅपटॉपच्या डिस्का मला जास्त खराब मिळतात, आणि त्यातल्या बहुतेकांची बॅटरी आधीच गेलेली असते.

चेकडिस्क आणि फॉरमॅटबद्दल. खराब सेक्टर शोधायचं चेकडिस्क डिस्कची जागा न्‌ जागा वाचतं. चांगल्या ५०० जीबी डिस्कला काही तास पुरतात, आजारी डिस्कला दिवस लागू शकतात, आणि ते मध्ये तोडलं तर आणखी पंचाईत. शिवाय सापडलेले तुकडे ते वेगळ्या फोल्डरमध्ये नावांशिवाय टाकून देतं. डेटा बाहेर आल्यावर करा, आधी नाही. फॉरमॅटवर लोकांचा विश्वास बसतो त्यालाही कारण आहे. नवी विंडोज डिस्कच्या दुसऱ्या, चांगल्या जागी लिहिली जाते आणि मशीन महिनाभर छान चालतं. पण आजारी डिस्कवर ते ओल आलेल्या भिंतीला चुना मारण्यासारखं आहे. दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याने स्मार्टचे आकडे बघितलेत का, एवढं विचारा. बघितले नसतील तर त्याचं निदान अर्धवट आहे.

सी ड्राइव्ह लाल होण्याची गोष्ट साधी आहे. आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि सी १०० जीबीचा ठेवतात. दहा वर्षांच्या अपडेटनंतर तो भरतो, डी मात्र मोकळा राहतो. डिस्क क्लीनअपमध्ये ‘सिस्टम फाइल्स’ निवडून जुन्या अपडेट आणि मागची विंडोज काढा. विंडोजचा स्वतःचा विनएसएक्सएस फोल्डर मोठा दिसला तरी हाताने त्यातलं काही उडवू नका. आणि भाग लहान-मोठे करणारं सॉफ्टवेअर या डिस्कवर अजिबात नको. ते आतून डेटा इकडून तिकडे हलवतं, आणि बॅटरी नसलेल्या मशीनवर मध्येच लाईट गेली तर सगळंच जाईल.

मदरबोर्डचं बोलायचं तर तो माझ्या यादीत शेवटी येतो. लॅपटॉपमधली डिस्क काढून ठेवा आणि तो मिंटच्या पेन ड्राइव्हवर दोन-तीन तास चालवून बघा. न अडकता चालला तर बोर्ड आणि रॅम बऱ्यापैकी ठीक आहेत. काढलेली डिस्क यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावा. तिथेही अडली तर दोष तिचाच. इथे अडते पण तिथे सुरळीत चालते, तर केबल, मग पोर्ट.

भाच्याचा एसएसडीचा सल्ला बरोबर आहे, फक्त त्याची पाळी शेवटची. तुमची डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी आहे. हव्या त्या जागेवर हेड नेऊन चकती फिरून यायची वाट बघण्यात प्रत्येक वेळी १५ ते २० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला पन्नास-साठ, फार तर शंभर वेगवेगळ्या जागा वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली विखुरलेल्या जागी वाचते. साधी एसएसडीसुद्धा असल्या हजारो जागा एका सेकंदात वाचते. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्येही फरक एवढा मोठा पडतो. घेताना २.५ इंची साटा (तुमच्या आत्ताच्या डिस्कच्याच जोडणीची) घ्या. चिपच्या पट्टीसारखी एनव्हीएमई तुमच्या मशीनमध्ये बसायची शक्यता जवळपास नाही. साटा एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते, जुनी जागा ९.५ ची असेल तर सोबतची चौकट लावा. ठाऊक असलेली कंपनी आणि बिल असलेलं दुकान बघा. नेटवर कवडीमोलात मिळणाऱ्या प्रचंड जीबीच्या डिस्का बनावट असतात. भरताना पाचवा हिस्सा मोकळा सोडा.

पेंडिंग सेक्टर असतील तर जुन्या डिस्कची क्लोन करू नका, खराब फाइलीही सोबत येतील. नवीन विंडोज टाका. विंडोज १० आधी सक्रिय असेल तर तिचं लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही. रॅम ८ जीबी करायची असेल तर आत डीडीआर-३ आहे की डीडीआर-३-एल हे आधीच्या पट्टीवर वाचा. त्या काळातली बरीच मशीनं फक्त १.३५ व्होल्टची एल-वालीच घेतात.

एक अडचण राहते. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे या वयाच्या प्रोसेसरवर चालत नाही. तुमचं पेजमेकर-कोरल विंडोजवरच चालणार, तेव्हा मी तुमच्या जागी हे मशीन डीटीपीपुरतं ठेवीन, बँकेचं आणि ईमेलचं काम दुसऱ्या मशीनवर करीन. डीटीपी नसतं तर सरळ लिनक्स मिंट टाकायला सांगितलं असतं.

एसएसडी बसल्यावर जुनी डिस्क लगेच पुसू नका. हवाबंद पिशवीत नाव-तारीख लिहून काही महिने तशीच ठेवा, राहिलेली एखादी फाइल आठवतेच. एसएसडी जाते तेव्हा बहुधा काही न कळवता जाते, म्हणून बाहेरच्या डिस्कवरची प्रत दर आठवड्याला ताजी करा. आणि पैसे पुरत असतील तर नवी बॅटरी टाका, नाहीतर निदान इन्व्हर्टरच्या पॉइंटवर चार्जर लावा.

कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फोतले तिन्ही आकडे, बायोसमध्ये सकाळी डिस्कचं नाव दिसलं का, आणि तिथली तारीख बरोबर होती का, एवढं कळवा. त्यावरून केबल आधी बदलायची की थेट एसएसडी घ्यायची ते सांगता येईल.